पहिल्यांदा ल्हासाला जाताय? कागदपत्रांपासून पहिल्या तीन दिवसांपर्यंत सगळं

तिबेटला निघालोय म्हटलं की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. "तिथं आपल्याला जाऊ देतात?" आणि "मानसरोवर का?" पहिल्याचं उत्तर: देतात, पण एकटंदुकटं फिरू देत नाहीत. दुसऱ्याचं: ल्हासा आणि मानसरोवर यांच्यात हजारहून जास्त किलोमीटरचा रस्ता आहे. दोन्ही एका आठवड्यात उरकून देतो असं कुणी सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी नकाशा उघडून बघा.

हा लेख फक्त ल्हासा शहरात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्यांसाठी आहे. घरातून निघण्याआधीची कागदं, विमानतळ ते हॉटेल आणि पहिले तीन दिवस, एवढंच यात आहे. मठांचा इतिहास वाचायला पुस्तकं आहेत. घोळ होतो तो इथं.

१. आधी वाट ठरवा, मग तारीख

भारतातून ल्हासाला थेट विमान नाही. आपल्या लोकांची नेहमीची वाट काठमांडूची. तिथून विमानानं साधारण दीड तास लागतो. जाताना डाव्या बाजूची खिडकी मागा. आकाश स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट दिसतं.

दुसरी वाट चीनमधून. छंगदू किंवा शिनिंगपर्यंत विमान आणि पुढे विमान किंवा रेल्वे. शिनिंग ते ल्हासा हा १,९५६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १ जुलै २००६ रोजी पूर्ण सुरू झाला. तो थांगगुला खिंडीत ५,०७२ मीटरवरून जातो. प्रवास एका दिवसाचा आहे आणि डब्यात ऑक्सिजनची सोय असते. पण "रेल्वेनं गेलं की उंची आपोआप अंगवळणी पडते" ही समजूत अर्धीच खरी. शेवटच्या टप्प्यात गाडी कित्येक तास ल्हासापेक्षा उंचावरून धावते, त्यामुळे काही जण उतरतात तेच डोकं धरून.

तिसरी वाट काठमांडूहून रसुवागढी-केरुंगमार्गे मोटारीनं. जाताना ही घेऊ नका. सीमा ओलांडली की लगेच पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी लागतात, शिवाय पावसाळ्यात दरडी आणि पूर. रस्ता खुला असेल तर परतीला मात्र हीच वाट उत्तम, कारण तोवर शरीर तयार झालेलं असतं आणि शेवटी आपण खाली उतरत येतो.

तारखांचं म्हणाल तर फेब्रुवारी अखेर ते मार्च अखेर या काळात परदेशी पर्यटकांना सहसा परवाने देत नाहीत. आपल्या शाळांच्या परीक्षा संपून लगेच निघायचा विचार असेल तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पुढचं बघा. माझ्या मते सप्टेंबर-ऑक्टोबरला तोड नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ल्हासात पाऊस असतो, पण बराचसा रात्रीचा. हिवाळ्यात थंडी बोचरी, पण ऊन लख्ख. शेतीची कामं आटोपून गावोगावचे लोक तेव्हा यात्रेला ल्हासात येतात. थंडी सोसणार असेल तर तो काळही वाईट नाही.

२. परवाना आणि व्हिसा: क्रम चुकवू नका

तिबेटसाठी चिनी व्हिसा पुरत नाही. त्यावर वेगळा तिबेट प्रवास परवाना लागतो आणि तो तुम्हाला स्वतःला काढता येत नाही. नोंदणीकृत प्रवास संस्थाच तो काढते, आणि त्यासाठी गाईड, गाडी, हॉटेल हे सगळं तिच्यामार्फत ठरवावं लागतं. निदान एक महिना आधी कागद पाठवा.

काठमांडूमार्गे जाणाऱ्यांना गटाचा व्हिसा मिळतो. तो पासपोर्टवर चिकटवत नाहीत. एका वेगळ्या कागदावर गटातल्या सगळ्यांची नावं असतात. यातून तीन सापळे तयार होतात.

पहिला: पासपोर्टवर आधीच चीनचा व्हिसा असेल, तर गटाचा व्हिसा देताना तो रद्द होतो. कामासाठी चीनला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा: एका कागदावरचे सगळे एकत्र आत जातात आणि एकत्रच बाहेर पडतात. तुमच्यापैकी कुणाला पुढे बीजिंगला जायचं असेल तर त्याचा व्हिसा सुरुवातीपासून वेगळा करायला सांगा. ल्हासात गेल्यावर नाव काढून घेता येत नाही.

तिसरा: व्हिसासाठी मूळ पासपोर्ट काठमांडूत जमा करावा लागतो आणि कामकाजाचे तीन-चार दिवस त्यात जातात. मधला शनिवार-रविवार मोजायला विसरू नका. नेपाळला जायला आपल्याला मतदार ओळखपत्र चालतं, त्यामुळे "पासपोर्ट कशाला?" म्हणणारा एखादा काका प्रत्येक गटात असतोच. त्यांची बॅग मुंबईतच तपासा. पासपोर्ट जमा असताना काठमांडूच्या हॉटेलात दाखवायला मतदार ओळखपत्र मात्र जवळ हवंच.

सोबत ठेवायची कागदं:

- मूळ पासपोर्ट, निदान सहा महिने मुदत आणि कोरी पानं असलेला
- त्याच्या दोन-तीन छायाप्रती आणि फोनमध्ये फोटो
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट आकाराचे फोटो, सांगितल्यापेक्षा दोन जास्त
- मतदार ओळखपत्र
- तिबेट परवाना आणि गटाच्या व्हिसाची स्वतःजवळची प्रत (मूळ कागद गटप्रमुखाकडे असतो)
- प्रवास विमा, पण त्यात किती मीटर उंचीपर्यंत भरपाई मिळते ते वाचून घेतलेला
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी

कुटुंबात कुणी भारतीय आणि कुणी अमेरिकी पासपोर्टवाले असतील तर हे संस्थेला पहिल्याच ईमेलमध्ये कळवा, कारण शुल्क वेगळं पडतं. अर्जात व्यवसाय खराच लिहा. पत्रकार किंवा सरकारी अधिकारी असाल तर संस्थेशी आधी बोला. पर्यटक म्हणून परवाना मिळेलच असं नाही.

३. बॅगेत काय, आणि काय मुळीच नको

ऊन कडक आणि हवा कोरडी. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, ओठांना लावायला तूप किंवा व्हॅसलीन हे हवंच. नाक कोरडं पडून घोळणा फुटतो. आत व्हॅसलीनचं बोट फिरवलं की बरं वाटतं. कपडे एकावर एक चढवता येतील असे. दुपारी सदऱ्यावर फिराल आणि सूर्य डोंगराआड गेला की जॅकेट शोधाल.

बाकरवडीची, चिवड्याची पाकिटं तिथं पोचेपर्यंत उशीसारखी टम्म फुगतात. फुगू द्या, बिघडत काही नाही. शॅम्पूची बाटली मात्र तोंडापासून लांब धरून हळूच उघडा, नाहीतर पहिली धार आरशावर.

आता काय नको ते. दलाई लामांचा फोटो, पुस्तक, भाषणाची फाईल, काहीही नको. आपल्यापैकी अनेक जण आधी मॅक्लिऑडगंजला जाऊन आलेले असतात आणि तिथला एखादा छोटा फोटो पाकिटात, किल्लीच्या साखळीत किंवा गाडीतून काढून आणलेल्या माळेत राहून जातो. तो घरी ठेवा. फोनमधले तसले फोटोही काढून टाका. भारताचा नकाशा असलेली डायरी, तिबेटविषयीची प्रवासपुस्तकं यांवरही तपासणीत आक्षेप येऊ शकतो. तिथं वाद घालायची वेळ आणू नका.

चीनमधल्या शहरातून विमानानं जाणार असाल तर आणखी एक: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत तिथलं '३सी' चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पॉवर बँकांवर ते नसतं.

४. फोन आणि पैसे घरूनच लावून निघा

गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम हे सगळं चीनमध्ये बंद. भारतीय सिम रोमिंगवर असेल तर बहुधा चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. घरच्यांना तसं सांगून ठेवा. दोन दिवस निळ्या टिका दिसल्या नाहीत की आपल्याकडे थेट परराष्ट्र मंत्रालयापर्यंत विचार जातो.

यूपीआयची सवय विसरा. चहाच्या टपरीपासून मोठ्या दुकानापर्यंत अलीपे किंवा वीचॅट. परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड त्यांना जोडता येतं, पण ओळख पटवण्याचे सोपस्कार भारतात बसूनच करा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा. शिवाय थोडे युआन रोख घ्या, त्यातही एक-एकच्या नोटा. त्या का, ते पुढे येईल.

५. विमानतळ ते हॉटेल

गोंगर विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटरवर, यारलुंग त्सांगपोच्या काठी. आपली ब्रह्मपुत्रा ती हीच. घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे करा. अख्ख्या चीनमध्ये एकच वेळ असल्यानं ल्हासात सकाळ उशिरा उजाडते आणि संध्याकाळ लांबते.

विमानातून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं छान जातात. इथंच लोक फसतात. "काही होत नाहीये" म्हणत दोन्ही बॅगा स्वतः उचलतात, पट्ट्याकडे धावतात. सावकाश चाला. तपासणी संपल्यावर बाहेर गाईड तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असतो आणि गळ्यात पांढरा खाता, म्हणजे स्वागताचा उपरण्यासारखा पट्टा घालतो. तो लगेच काढून टाकू नका.

शहरात शिरताना अनेकांचा हिरमोड होतो, हे आधीच सांगून ठेवतो. रुंद रस्ते, बोगदे, उंच इमारती, मोबाईलची दुकानं, लाल झेंडे, दोन लिप्यांतल्या पाट्या आणि त्यातली चिनी अक्षरं मोठी. मनात जे ल्हासा घेऊन आलो ते कुठाय असं वाटत असतानाच एका वळणावर टेकडीवरचा पोटाला राजवाडा दिसतो आणि गाडीत सगळे गप्प होतात. जुनं ल्हासा आहे, पण ते नव्या शहराच्या पोटात बारखोरच्या, म्हणजे जोखांग मंदिराभोवतीच्या रस्त्याच्या, आसपास एवढंच उरलंय. म्हणून हॉटेल शक्यतो जुन्या भागात, बारखोरपासून चालत जाता येईल असं मागा. खोली खालच्या मजल्यावरची किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीतली.

६. पहिला दिवस: काहीही करू नका

ल्हासा सुमारे ३,६५० मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या दुपटीहून जास्त उंचीवर तुम्ही दीड तासात येऊन पडलात. दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश.

त्रास लगेच होत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी डोकं ठणकायला लागतं, भूक जाते, मळमळतं, झोप लागत नाही. हे बहुतेकांना थोडंफार होतंच आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. रोज व्यायाम करणाऱ्यांना होत नाही असं मुळीच नाही. उलट सह्याद्रीत दर रविवारी गड चढणारेच पहिल्या दिवशी जास्त हुशारी करतात.

पहिल्या दिवशीचं वेळापत्रक: हॉटेल, गरम सूप किंवा वरणभातासारखं हलकं काही, भरपूर पाणी, आडवं होणं. दारू नाही, झोपेची गोळी नाही. तिथले गाईड पहिल्या रात्री गरम पाण्यानं आंघोळ करू नका असं बजावतात. एक दिवस नाही केली तर काय मोठंसं.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. ती घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका.

ऑक्सिमीटर नेलात तर त्याच्याकडे दर पाच मिनिटांनी बघू नका. तिथं नव्वदच्या खालचा आकडा चांगल्या धडधाकट माणसालाही दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. बसल्या जागी धाप, सतत खोकला, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता गाईडला उठवा आणि दवाखाना गाठा. दुकानात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. त्यानं धीर येतो, उपचार होत नाही.

आणि मुख्य म्हणजे कार्यक्रम पत्रिका वाचा. एका प्रवास संस्थेनं आमच्या गटाचा पोटाला पहिल्याच संध्याकाळी टाकला होता, कारण दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळत नव्हतं. आम्ही हटून बसलो तेव्हा तो तिसऱ्या दिवशी गेला. पैसे भरण्याआधीच लेखी मागा: पहिला दिवस रिकामा, पोटाला तिसऱ्या दिवशी.

७. दुसरा दिवस: बारखोर

जोखांग मंदिर सातव्या शतकातलं, राजा सोंगत्सेन गाम्पोच्या काळातलं. आतली शाक्यमुनी बुद्धांची जोवो मूर्ती तिबेटी लोकांना सर्वांत पूज्य. मंदिराभोवतीचा प्रदक्षिणेचा रस्ता म्हणजे बारखोर. तपासणी नाक्यावर बॅग यंत्रातून जाते, पासपोर्ट बघतात, लायटर काढून घेतात. पासपोर्ट खोलीत ठेवून येऊ नका.

फिरायचं ते उजवीकडून, आपल्या देवळासारखंच. उलट्या दिशेनं चालणारा पर्यटक लगेच ओळखू येतो. सकाळी लवकर जा. दारासमोरच्या भट्ट्यांत धूपाच्या फांद्या जळत असतात आणि धूर अख्ख्या चौकात भरलेला असतो. दगडी फरशीवर लोक पूर्ण लोटांगणं घालतात. तळहातांना लाकडी फळ्या बांधलेल्या, अंगावर चामड्याचा जाड एप्रन. आधी फळ्या एकमेकींवर आपटल्याचा टकटक आवाज येतो, मग त्या फरशीवरून खरडत पुढे गेल्याचा, मग क्षणभर काही नाही, आणि माणूस उठून उभा. कपाळाला धुळीचा ठिपका. फरशी जागोजागी गुळगुळीत झालीये ती यानंच. त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. कडेला उभे राहा, किंवा सरळ गर्दीत मिसळून एक फेरी चाला. आजीबाई हातातलं प्रार्थनाचक्र फिरवत तुम्हाला मागे टाकून जातील.

मंदिरात टोपी काढा, आखूड चड्डी नको, आत फोटो नाही. लोण्याच्या दिव्यांचा वास पहिल्यांदा डोक्यात जातो, सकाळी पोट रिकामं असेल तर जास्तच. वेदीवर भाविक छोट्या नोटा ठेवतात आणि मोठी नोट ठेवून सुटे स्वतःच मोजून परत घेतात. कुणी हटकत नाही.

सैनिक, पोलीस, नाके यांचे फोटो घेऊ नका. गाईडला राजकारणावर बोलतं करायला जाऊ नका. तुम्ही आठवड्यानं पुण्याला परत याल, तो तिथंच राहणार आहे.

थकलात की गोड चहाच्या दुकानात शिरा. लांब बाकं, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. पेला घ्यायचा, टेबलावर एक-एकच्या काही नोटा मांडायच्या. किटली किंवा थर्मास घेऊन फिरणारी बाई पेला भरते, ढिगातून आपले पैसे उचलते, सुटे ठेवते आणि पुढे जाते. पुन्हा हवा असेल तर पेला रिकामा दिसला की झालं. चहा दुधाचा, गोड, आपल्या जिभेला सरळ पटणारा. लोण्याचा खारट चहा हे वेगळं प्रकरण आहे. तो चहा समजून प्यायलात तर जमणार नाही, पातळ सूप समजून प्या.

८. तिसरा दिवस: पोटाला

पाचव्या दलाई लामांनी १६४५ मध्ये बांधायला घेतलेला हा तेरा मजली राजवाडा, हजारावर खोल्या. १९९४ पासून जागतिक वारसा यादीत. तिकिटावर वेळ छापलेली असते आणि ती पाळावी लागते. मोसमात तिकीट २०० युआन. गाईड पासपोर्ट दाखवून आधी काढून ठेवतो. पाण्याची बाटली आणि लायटर दारात अडवतात.

पायऱ्या दिसतात त्याहून जास्त दमवतात. वीस-पंचवीस चढा, थांबा, मागे वळून शहर बघा, पुन्हा चढा. आतला मार्ग एकाच दिशेचा आणि वेळ मोजकी, साधारण तासाभराची, त्यामुळे स्वच्छतागृहाला आधी जाऊन या. आत फोटो नाहीत.

फोटोची हौस समोरच्या चाकपोरी टेकडीवरच्या सज्जात भागवा. पन्नास युआनच्या नोटेमागे पोटालाचं चित्र आहे. ती नोट समोर धरून मागचा खरा वाडा जुळवत लोक रांगेनं उभे असतात.

दुपारी अंगात त्राण असेल तर १४१९ मध्ये स्थापन झालेला सेरा मठ. रविवार सोडून दुपारी तीनच्या सुमारास अंगणात भिक्षूंचा वादविवाद चालतो. उभा असलेला प्रश्न टाकतो आणि जोरात टाळी वाजवतो, बसलेला उत्तर देतो. भाषा कळत नाही, पण कोण अडकलाय ते चेहऱ्यावरून कळतं.

९. शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी राहणार नाही. बारखोरच्या आसपास नेपाळी आणि भारतीय पद्धतीची जेवणं मिळतात, डाळभात सहज. तिबेटी दुकानात "शा मेपा" म्हणा, म्हणजे मांस नको. पण थुक्पातून, म्हणजे नूडल्सच्या सूपातून, मांसाचे तुकडे वगळले तरी रस्सा बहुतेकदा हाडांचाच असतो. काटेकोर असाल तर बटाट्याचे मोमो, भाज्या आणि भात यांवर राहा. त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, चहात मळून एकदा तरी खा. लसूण-चटणी घरून न्याच. तोंडाला चव नसते तेव्हा तीच कामाला येते.

१०. ल्हासाबाहेर पडण्याआधी

शिगात्से, एव्हरेस्टचा पायथा वगैरेंसाठी आणखी परवाने लागतात. ते गाईड ल्हासात करून घेतो, तेव्हा एक दिवस पासपोर्ट त्याच्याकडे द्यावा लागेल. बहुतेकांचा पुढचा टप्पा यामद्रोक सरोवर, ४,४४१ मीटर, आणि वाटेतली कांबा ला खिंड त्याहूनही उंच. चौथ्या दिवशी सकाळी डोकं दुखतच असेल तर वर जायचं नाही, ल्हासातच थांबायचं. यासाठी वेळापत्रकात एक मोकळा दिवस हवा आणि तो घरून निघण्याआधीच घालून घ्यायला हवा. परवान्यावरच्या तारखा पक्क्या असतात. तिथं गेल्यावर दिवस वाढवून मिळणं फार अवघड.